भेटण्याची वेळ चार ते पाच

"सर, तुमच्या पाटीनं ठकूमावशी रुसली," दत्तूभाऊ फोनवर म्हणाले. "चार दिस झाले, आली न्हाई. आईनं जेवण सोडलंय."

मला कुणी सर म्हटलं की आधीच घाम फुटतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला बीडच्या एका पॅलिएटिव्ह टीमसोबत माझं फील्डवर्क होतं. आजार बरा होणार नसतो तेव्हा दुखणं कमी करायचं आणि पेशंटच्या, घरच्यांच्या मनाकडे बघायचं, हे या टीमचं काम. गोळ्या नर्स मॅडम बघायच्या. मनाचं माझ्याकडे होतं.

दत्तूभाऊंची आई सोनाबाई, उमापूरच्या. पोटाचा कॅन्सर, थोडेच दिवस उरलेले. बघायला रोज माणसं यायची. खाटेजवळ बसायची, पदर तोंडाला लावायची, मग याच आजारानं कोण कोण गेलं ते सांगायची. सोनाबाई मला म्हणाल्या, "लेकरा, दुखण्याआधी ह्या बायाच मला मारत्यात. कायतरी कर."

मी केलं. पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं, ‘भेटण्याची वेळ दुपारी ४ ते ५’, आणि दाराला टांगलं. मनातून खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची थोरली बहीण ठकूबाई नेहमीसारखी दूध-भाकरी घेऊन आली. सुनेनं पाटी वाचून दाखवली. ठकूबाई दारातूनच माघारी फिरल्या.

नर्स मॅडमना सांगितलं तर त्या हसल्याच. "पाटी तू लावलीस, समजूत पण तूच काढ. आणि लवकर. सोनाबाईंकडे फार दिवस नाहीत."

अकरा वाजता मी ठकूबाईंच्या ओट्यावर उभा होतो.

"पाटी काढली, आजी. चला ना."

"कावून यिऊ? बहिणीला बघायला बी आता टायम ठरवावा लागतो म्हणं."

"चुकलं माझं."

"बरं. पण ही माजी भेटायची येळ न्हाई. चार ते पाच ये."

आत निघून गेल्या. अशा वेळी काय करायचं, ते पुस्तकात नव्हतं. मी ओट्यावरच बसलो. एक वाजता समोर ताट आलं. "खा. उपाशी पडलास तर गाव म्हणंल, म्हातारीनं शिकलेलं पोरगं मारलं."

मी जेवत असतानाच त्यांनी चपला घातल्या. "आटप लवकर. चारपत्तुर तिनं वाट बघायची का?"

बहिणी गळ्यात पडल्या आणि एवढ्या मोठ्यानं रडल्या की शेजारी गोळा झाले. मला वाटलं, थांबवावं. मी उठलो.

"लेकरा, बस खाली," सोनाबाई म्हणाल्या. "हे रडणं आमचं हाय."

मग त्यांनी दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. चार घास.

त्या दिवसापासून ठकूबाईंनी खाटेजवळची जागा धरली. कुणी पदराकडे हात नेला की म्हणायच्या, "रडायचं आसंल तर तुज्या घरी. हितं गावातल्या भानगडी सांग." सोनाबाई ऐकत पडायच्या. मधूनच हसायच्यासुद्धा.

नऊ दिवसांनी सकाळी त्या गेल्या. डोकं बहिणीच्या मांडीवर होतं.

गर्दी नको म्हणणाऱ्या माणसाला आधी विचारावं, त्यातलं कोण हवंय. साधा प्रश्न आहे. मला मात्र आधी पुठ्ठा सुचला.