डोंगरावरची मुलाखत

रामनगरच्या बसस्टँडजवळ माझी छोटी खानावळ आहे. समोरच्या बाकड्यावर ते तिघं सकाळपासून बसून होते. नवरा, बायको आणि चारेक वर्षांची मुलगी. दुपारची गर्दी ओसरली तरी हलले नाहीत, म्हणून मी मुलीला भात-आमटी नेऊन दिली. तिनं आधी आईच्या तोंडाकडं पाहिलं. आईनं मान हलवल्यावरच घास घेतला. मग मी तिघांनाही आत बोलावलं.

नवऱ्याला मोडकं हिंदी येत होतं. म्यानमारमधलं त्यांचं गाव सैन्यानं जाळलं होतं. दिल्लीत येऊन त्यांनी निर्वासितांच्या कचेरीत आसरा मागितला होता, पण निकाल लागायचा होता. गोव्यात काम देतो म्हणून एका मुकादमानं त्यांना आणलं आणि इथं चहाला उतरल्यावर तो गाडी घेऊन निघून गेला.

संध्याकाळी मी आमच्या महिला मंडळातल्या बायकांना गोळा केलं. एकजण म्हणाली, "आपल्या गावात गरीब कमी हायत व्हय? ही परकी माणसं कशाला गळ्यात?"

"गावातल्यांना न्हाई म्हणत न्हाई आपण. ह्यांच्यापुरतं दोन मुठी जास्त टाकू," मी म्हटलं.

आधी पोलीस स्टेशनात गेलो. नवऱ्यानं जपून ठेवलेला अर्जाचा कागद पाहून साहेबांनी दिल्लीला फोन लावून चौकशी केली. "कागद खरा आहे," ते म्हणाले, "पण राहणार कुठं ते मला सांगा."

तिथंच घोडं अडलं. रामनगरात कुणी खोली देईना. शेवटी मी कुंभारवाड्याकडच्या वाडीत दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला निरोप धाडला. तिच्या दिराचं घर रिकामंच होतं. अक्काचा उलटा निरोप आला, "पाठव. माणसं हायत न्हवं, मग झालं."

मंडळानं तांदूळ, डाळ, तेल, घोंगड्या जमवल्या. कुंभारवाड्याची एकुलती बस धरून मी ते दर आठवड्याला पोचवायची. सुगीला ती दोघं वाडीसोबत भात कापायला उतरली. त्या बाईच्या मुलखातही भातच पिकायचा. विळा हातात आला तेव्हा मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग दिल्लीच्या कचेरीतून कळलं की तिची मुलाखत मोबाईलवर, व्हिडिओवर होणार. त्यावरच निकाल ठरायचा. आणि वाडीत रेंज नाही. पहिल्या खेपेला अंगणातून लावलेला फोन दोन वाक्यांतच तुटला. ती चुलीपाशी जाऊन बसली.

अक्कानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "डोंगरावर रेंज येती. पुढल्या बारीला सगळे वर जाऊया."

दुसरी तारीख मिळाली तेव्हा अख्खी वाडी वर चढली. बाप्यांनी वाऱ्याला आडोसा म्हणून बांबू रोवून ताडपत्री बांधली. बायकांनी चटई, पाणी नेलं. अक्कानं सगळ्यांना आपापले फोन बंद करायला लावले. "रेंज तिलाच मिळू दे," म्हणाली. हसायला कुणी धजलं नाही.

मी मुलीला घेऊन लांब बसले. दुभाष्या फोनवरच होता. ती आपल्या भाषेत बोलत होती, शब्द एकही कळत नव्हता. मध्येच तिला रडू फुटलं, थांबली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा सुरू झाली, या वेळी ताठ बसून. फोन तुटला नाही. उन्हं कलली तेव्हा ती ताडपत्रीबाहेर आली आणि अक्काच्या गळ्यात पडली.

निकाल शिमग्याच्या तोंडावर आला. त्या दिवशी मी वाडीतच होते. नवरा डोंगरावरून धावत उतरत होता, बांधावरून, काट्यांतून, एक चप्पल वाटेतच टाकून. अंगणात येऊन अक्कासमोर उभा राहिला. मग आमच्याच बोलीत म्हणाला, "अक्का, झालं. मान्य झालं. आता हाकलत न्हाईत."

ढोल नुकतेच बाहेर काढले होते. वाडीनं ते तिथल्या तिथं वाजवायला घेतले. त्याच्या बायकोनं लेकीला खांद्यावर घेतलं आणि आमच्या बायकांच्या रिंगणात शिरली. पावलं तिच्या मुलखाची होती, ढोल आमचा होता, तरी कुठं अडलं नाही. खानावळीतून आजवर कितीजणांना जेवू घातलं असेन, पण त्या दुपारी घामेजून, धाप लागेतोवर नाचताना मला वाटलं, आपण आज मोठं काहीतरी जिंकलोय.