जिन्यात उभी असलेली मुलं

कुंदाचे वडील माझ्यासमोर बसले होते. लिव्हिंग सर्टिफिकेटचा अर्ज त्यांनी टेबलावर ठेवला होता. त्यावर माझी सही हवी होती.

"कारण काय लिहायचं?" मी विचारलं.

"घरगुती अडचण."

ते चांदवडकडे प्राथमिक शिक्षक होते. कुंदा माझ्या मानसशास्त्राच्या वर्गात, एस.वाय.ला. पहिल्या बाकावर बसून भराभर लिहिणारी मुलगी. आता ती वडिलांच्या खुर्चीमागे खाली मान घालून उभी होती.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. नाशिकच्या त्या कॉलेजात मी लेक्चरर होते, शिवाय लेडीज रूमची इन्चार्ज. म्हणजे मुलींच्या तक्रारी ऐकायच्या. बहुतेक तक्रारी पंखा चालत नाही, नळाला पाणी नाही अशा असायच्या.

वडिलांना थांबायला सांगून मी कुंदाला लेडीज रूममध्ये नेलं. तिथे तिने सांगितलं. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर जुन्या पुस्तकांची खोली होती. ती तिथे एक पुस्तक शोधायला गेली. एक मुलगा मागून आत आला, त्याने दार लोटलं आणि तिला धरलं. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. कशीबशी सुटून ती बाहेर पळाली. जिन्यात तीन मुलं उभी होती. तिला बघून तिघंही हसली.

"कोण होता तो?"

"नाव सांगितलं की सरांना सांगावं लागेल. मग कमिटीला. मग पुन्हा घरी. मॅडम, मला हे एकदाच सांगायचं होतं."

मी परत येऊन वडिलांना म्हटलं, "अर्ज महिनाभर माझ्याकडे राहू दे." त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांना किती माहीत होतं, कोण जाणे. ते तिला घेऊन गावी गेले.

कुंदाचं नाव न घेता मी प्रिन्सिपल सरांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, पण रिटायरमेंट जवळ आली होती. त्यांनी लगेच कागद ओढला.

"मुलींनी चारनंतर लायब्ररीत थांबायचं नाही. आजच ऑर्डर काढतो."

"सर, हे तीन वाजता घडलं."

"मग तीननंतर."

मी म्हटलं, "त्यापेक्षा मला मुलांशी बोलू द्या. दर शनिवारी एक तास."

"काय शिकवणार?"

"समोरचा नाही म्हणतोय हे कसं ओळखायचं. स्वतःला कसं थांबवायचं. मित्र चुकत असेल तर त्याला कसं अडवायचं."

"हा काय विषय झाला?"

आज याला लाइफ स्किल्स म्हणतात आणि त्याची वर्कशॉप्स होतात. तेव्हा माझ्याकडे नावसुद्धा नव्हतं. सर शेवटी म्हणाले, "घ्या. पण नोटिशीत यातलं काही लिहू नका." मी 'व्यक्तिमत्त्व विकास' असं लिहिलं.

आधी मुलींचा तास घेतला. त्यांना शिकवण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. कोणता जिना टाळायचा, कोणत्या एस.टी.त मागे बसायचं नाही, कोणत्या गल्लीतून एकटं जायचं नाही, हे सगळं त्यांना पाठ होतं. त्यांच्या बोलण्यातून माझ्याच ज्ञानात भर पडली. मग ठरल्याप्रमाणे मुलांकडे वळले.

पहिल्या शनिवारी चाळीसेक मुलं आली. मॅडम 'तसल्या' विषयावर बोलणार अशी आवई उठली होती. दुसऱ्या शनिवारी अकरा उरली. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "मॅडम, शनिवारच्या अर्ध्या सुट्टीत कशाला हा उपद्व्याप?" मलाही कधीकधी तसंच वाटे. आठवडाभराचे तास, त्यात घरचं, आणि शनिवारी दुपारी रिकाम्या बाकांपुढे घसा कोरडा करायचा.

मदतीला मी शरदला घेतलं होतं. वक्तृत्व स्पर्धेत कॉलेजला ढाल मिळवून देणारा, अदबीने बोलणारा मुलगा. नोटीस लावणं, हजेरी घेणं तो करायचा.

एकदा मी फळ्यावर लिहिलं, 'मुलगी बोलता बोलता गप्प झाली. का?' प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर लिहायचं, नाव घालायचं नाही. 'लाजली.' 'भाव खातेय.' 'मनातून तयार आहे.' अकरांत एकाच चिठ्ठीवर होतं, 'घाबरली असेल.' अक्षर दिगंबरचं होतं. दिगंबर हरसूलकडचा, शरदचा रूम पार्टनर. मागे बसायचा, कधी बोलायचा नाही.

चौथ्या शनिवारी रोल प्ले घेतला. म्हणजे एक प्रसंग द्यायचा आणि मुलांनी त्यातली माणसं होऊन बोलायचं. प्रसंग साधा होता. एक मुलगा मुलीची वाट अडवतोय, त्याच्या मित्राने त्याला थांबवायचं. मित्राची भूमिका शरदने घेतली. "अरे, ती घाबरलीय, दिसत नाही का तुला?" इतकं मनापासून बोलला की मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दिगंबर उठून बाहेर गेला.

तास संपल्यावर तो स्टाफरूमच्या दारात उभा होता.

"मॅडम, शरद बोलला ते खोटं हाय."

"नाटकच होतं ते."

"तसं नाय. लायब्ररीच्या खोलीत तोच गेला व्हता. त्या पोरीच्या मागं."

"तुला कसं माहीत?"

"मी जिन्यात व्हतो."

"हसत होतास?"

"हो," तो म्हणाला.

"लिहून देशील?"

"त्याच्याच खोलीवर राहतो मी."

"विचार कर."

सोमवारी त्याने दोन पानं लिहून आणली. त्यात स्वतःचं हसणंही लिहिलं होतं.

सरांनी शरदला बोलावलं. आधी तो नाही म्हणाला. मग गंमत केली म्हणाला. मग रडला. सरांनी त्याच्या वडिलांशी बोलून त्याला दुसऱ्या गावच्या कॉलेजात पाठवायचं ठरवलं. कुठे नोंद नाही, पोलीस नाहीत. त्याचा दाखला मी पाहिला.

"सर, यात वर्तणूक 'चांगली' लिहिलंय."

"ते छापीलच असतं, मॅडम."

पुढच्या रविवारी मी चांदवडला गेले. शरद गेल्याचं कुंदाला सांगितलं. तिने विचारलं, "त्याचं नाव कोणी सांगितलं?"

"जिन्यातल्या एका मुलाने. दिगंबरने."

ती म्हणाली, "सगळ्यांत मोठ्याने तोच हसला होता."

दिगंबरकडून निरोप आणला होता, माफीचा. तो मी दिला नाही. तशी वेळ वाटली नाही.

कुंदा पंधरा दिवसांनी परत आली. परीक्षा दिली, पास झाली, पुढे बी.ए. पूर्ण केलं. लायब्ररीचा जिना मात्र ती पुन्हा चढली नाही. तिची पुस्तकं मीच खाली आणून द्यायचे. दिगंबरला दुसरी खोली शोधावी लागली. मुलं त्याच्याशी बोलेनाशी झाली, आणि तो त्या वर्षी नापास झाला. तरी शनिवारी येत राहिला.

हे वर्ग मी बरीच वर्षं घेतले. किती मुलं सुधारली ते मला सांगता येणार नाही. असे वर्ग घेणारी तरुण मंडळी हल्ली सल्ला विचारायला येतात. मी त्यांना एकच सांगते. मुलांना खरं बोलायला शिकवण्याआधी प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जा, आणि कोणी खरं बोललंच तर कॉलेज काय करणार, हे लेखी घ्या. मी ते घेतलं नव्हतं. त्याची किंमत कुंदा आणि दिगंबरने मोजली, आणि तो तिसरा चांगल्या वर्तणुकीचा दाखला घेऊन गेला.