बालाजीचं ध्यान नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, तेही कळत नाही.

बालाजी माझा धाकटा भाऊ. परभणीहून मीच त्याला चाकणला आणला आणि कारखान्यात माझ्याच लाइनवर लावला – पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेसच्या. मी लाइन लीडर. माझ्या शब्दावर लागलेला माणूस म्हणजे माझीच इज्जत की! त्या पावसाळ्यात त्याला डेंगी झाला. ताप उतरला, पण आधीचा बालाजी काही दिसेना. भिंतीकडे बघत बसायचा, ताट समोर गार व्हायचं. "दादा, उठूच वाटंना गेलंय," म्हणायचा. मला संताप यायचा. धडधाकट माणूस, आणि ही नाटकं कसली?

नाटकं नव्हती – हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं. तापाशी लढायला शरीर सायटोकाइन नावाची रसायनं सोडतं, त्यांचा सांगावा मेंदूपर्यंत जातो. मन मंदावतं, लक्ष लागत नाही, आणि ताप गेल्यावरही हे कधीकधी रेंगाळतं. हा आळस नाही, मशीनवर इतक्यात पाठवू नका. मी मान डोलावली. बाहेर येऊन त्याला काय सांगितलं? – "ठणठणीत आहेस म्हणाले. सोमवारपासून ये."

आमची प्रेस जुनी. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच डाय, म्हणजे वरचा जड साचा, खाली येणार – हात बाहेर राहावेत म्हणून. बालाजीचे हात जुळतच नव्हते. माल तुंबला. "लीडरचा भाऊ ना राव!" म्हणून पोरं हसली. मी चिडलो, आणि एक बटण चिकटपट्टीनं दाबून टाकलं. घाईत आम्ही करायचो तसं. "आता एका हातानं तरी उरक," म्हणालो.

त्यानं उरकलं. एक हात बटणावर – आणि दुसरा अजून आतच होता.

तीन बोटं गेली. सगळे त्याच्याकडे धावले. मी बटणाकडे. पट्टी ओढून खिशात घातली – हो, आधी पट्टी, मग भाऊ.

चौकशीत त्यानं पट्टीचं नावही काढलं नाही. मला वाचवलं, की त्याला आठवतच नव्हतं? विचारायची माझी छाती झाली नाही.

आता तो बरा आहे, हसतो, बोलतो. पाहुण्यारावळ्यांत कुणी हाताचं विचारलं की म्हणतो, "माजंच ध्यान नव्हतं. दादानं लई सांभाळलं." मी शेजारी बसून ऐकतो.

त्याचं ध्यान नव्हतं, हे खरंच आहे. का नव्हतं, ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.