तोकुझोच्या मयताचा चहा

आमच्या ओई नदीच्या खोऱ्यात माणूस गेला की मयताला आलेल्यांच्या हाती घरचे लोक जाताना चहाची पुडी ठेवतात. चहा पिऊन संपतो, मागे दुःखाची खूण राहत नाही, असं म्हातारे सांगतात. तोकुझो मोचिझुकीमुळे मात्र आम्हाला दुःखापेक्षा त्या पुडीचीच धास्ती जास्त.

तोकुझोने पन्नास वर्षं चहा पिकवला. कामाला वाघ आणि जिभेला विंचू. मयताहून आला की गळ्यातला काळा टाय सोडायच्या आधी तो पुडी कापायचा, पानं तळहातावर घेऊन हुंगायचा आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा निकाल द्यायचा. माझे सासरे वारले तेव्हा कुंपणापलीकडून म्हणाला, "सासरा चांगला होता गं तुझा. चहा मात्र गेल्या सालचा. शिळा." मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही.

एवढं सगळं केल्यावर आपल्याच मयताला शिळा चहा वाटला गेला तर खोरं पोट धरून हसेल, हे तो ओळखून होता. म्हणून साठी उलटल्यापासून दर मे महिन्यात पहिल्या तोडणीचा सगळ्यात उत्तम चहा चाळीस पुड्यांत भरून तो फ्रिजमध्ये ठेवायचा. मासे बाहेर, मयत आत. थोडा चहा शहरातून मळे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना पाजायचा, बाकीचा लिलावाला. वर्ष सरलं आणि तोकुझो ठणठणीतच राहिला, की जुन्या पुड्या घरात प्यायला निघायच्या आणि नव्या आत जायच्या.

हा शिळा चहा त्याची बायको शिगेनो सतरा वर्षं पीत होती.

"अहो, एक तरी नवी पुडी फोडू या की," ती दर वर्षी म्हणायची.

"आणि उद्या मी गेलो तर? एकोणचाळीसच भरतील."

"तुम्ही कुठले जाताय. नुसतं म्हणता."

यंदा गेला. नव्या पुड्या आत ठेवून चारच दिवस झाले होते. सकाळी तोडणीचं यंत्र पुसता पुसता खाली बसला, तो बसलाच. मेल्याने मरणही मुहूर्त बघून गाठलं, असं सगळे म्हणाले.

मयताहून घरी आले आणि काळे कपडे न बदलता मी पुडी कापली. त्या वेळी वाडीतल्या घराघरांत कात्री चालली असणार. पानं हुंगली. गेल्या सालचा. शिळा.

आधी मला हसू आलं, मग राहवेना. मागच्या दाराने शिगेनोकडे गेले. ती एकटीच बसली होती. पुढ्यात किटली, कप आणि फोडलेली नवी पुडी.

"काकू, पुड्यांची अदलाबदल झाली वाटतं," मी म्हणाले.

"झाली नाही. मी केली."

"लोक हसतायत हो काकांना."

"हसू देत. त्यांनी कुणाला सोडलं होतं?" तिने मलाही कपभर ओतला. "पी. सतरा वर्षांनी माझी पाळी आलीय."

तिने घोट घेतला आणि कप तसाच हातात धरून राहिली. मग रडायला लागली. दिवसभरात पहिल्यांदाच.

"इतका चांगला करायचे गं," ती म्हणाली. "पाहुण्यांना ठाऊक होतं, दलालांना ठाऊक होतं. मला आज कळलं. आता सांगू कुणाला?"