सोळा गेजचं कॅबिनेट

आमचा पहिला कॉम्प्युटर हलवायचा असला की दोन माणसं लागायची. त्याला दोन्ही बाजूंना कड्या होत्या, पत्र्याच्या ट्रंकेला असतात तशा. दिवाळीच्या साफसफाईला एक कडी मी धरायचो, दुसरी बाबा, आणि आई मागून ओरडायची, "फरशी फोडू नका रे!" नवीन आलेल्या माणसाला ते पाण्याच्या पंपाचं काहीतरी वाटायचं.

बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहान वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेटर होते. कारखान्यात विजेचे स्विच आणि मीटर ज्या लोखंडी कपाटात बसवतात त्याला पॅनल म्हणतात. पत्रा कापून, वाकवून, वेल्ड करून ती पॅनल उभी करणं हे त्यांचं काम. शिक्षण सातवीपर्यंतच झालेलं. पण इंजिनिअरनं पाठवलेलं ड्रॉइंग ते आपण वर्तमानपत्र वाचतो तसं वाचायचे. त्यात काही चुकलेलं दिसलं तर खिशातली लाल पेन्सिल काढून त्या जागी गोल करायचे आणि ड्रॉइंग परत पाठवायचे. एका साहेबाला त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हे दार उघडणार कुठे, भिंतीत?" तो किस्सा वर्कशॉपचे मालक आमच्या घरी आले की हमखास सांगायचे, आणि बाबा मान खाली घालून हसायचे.

मी घरातला पहिला पदवीधर. दहावीपर्यंत मुरबाडच्या बाजूला मामाकडे राहून शिकलो. बाबांनी वर्तकनगरला एका खोलीचं घर केलं तेव्हा कॉलेजसाठी ठाण्यात आलो आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. निकालाच्या दिवशी बाबांनी सगळ्या वर्कशॉपला पेढे दिले. त्या दिवसापासून घरात एक बदल झाला. बाबा माझ्याशी वाद घालेनासे झाले. रेशनकार्डाचा अर्ज असो, गॅसचा नंबर असो, "तो सांगेल तसं करा, त्याला कळतं," असं म्हणायचे. मला तेव्हा ते फार बरं वाटायचं.

नौपाड्यात एका खाजगी ऑफिसात मला नोकरी लागली. तिथे माझ्या शेजारी बसणारा मित्र डोंबिवलीचा. कॉम्प्युटरचे भाग आणून जोडून देण्याचं काम तो सुट्टीच्या दिवशी घरीच करायचा. एकदा त्याच्याकडे जेवायला गेलो तेव्हा त्यानं गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ लावला. डोंगराच्या कडेनं वळत जाणारा रस्ता, मागे पडणारी झाडं, वळणावर गाडी कलायची तसा मीही खुर्चीत कलत होतो. वय तेवीस. मित्राची आई म्हणाली, "अरे, वरण गार झालं!" तरी मी उठलो नाही.

घरी येऊन सांगितलं, मला कॉम्प्युटर जोडायचाय.

"ऑफिसच्या कामाला?" आईनं विचारलं.

"नाही. खेळायला."

"अगं बाई! एवढा शिकला आणि खेळायला?"

बाबा चहा पीत होते. ते एवढंच म्हणाले, "खेळू दे. खेळायच्या वयात मामाच्या म्हशी राखल्यात त्यानं."

पुढचे पाच-सहा महिने मी आणि मित्र मिळून भाग निवडत होतो. डबा खायच्या सुट्टीत तो एका कागदावर लिहायचा आणि मी खोडायचो. त्याचा नियम एकच होता. "खेळायचं ना तुला? मग चित्र दाखवणारं कार्ड चांगलं घे. बाकी सगळीकडे भिकारी झालास तरी चालेल." त्याप्रमाणे मी भिकारी झालो. प्रोसेसर एका वापरलेल्या मशीनमधून काढलेला घेतला. हार्ड डिस्क सगळ्यात लहान. सीडी ड्राइव्ह घेतलाच नाही, खेळ चढवण्यापुरता मित्राचाच आणायचा ठरलं. स्पीकरच्या जागी घरचा टेपरेकॉर्डर. मॉनिटर एका बंद पडलेल्या ऑफिसातून आला. त्यावर वर्षानुवर्षं एकच तक्ता उघडा राहिला होता, त्यामुळे काचेवर त्याच्या उभ्या रेघा कायमच्या उमटल्या होत्या. पुढे माझी गाडी रात्रीच्या रस्त्यावरून धावायची तेव्हा आभाळात त्या रेघा फिकट दिसायच्या.

एवढं करूनही चांगल्या कार्डाला पैसे कमी पडत होते. यादीत एकच गोष्ट उरली होती, कॅबिनेट. म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं ते खोकं.

"पत्र्याचा डबा तर असतो," मित्र म्हणाला. "पण त्यालाही पैसे पडतात."

पत्र्याचा डबा! मला हसूच आलं. मी म्हटलं, "माझे बाबा काय करतात माहितीये ना तुला?"

पुढच्या रविवारी मी डोंबिवलीला जाऊन त्याच्या कॅबिनेटची मापं घेतली आणि आलेखाच्या कागदावर समोरून, बाजूनं आणि वरून असं ड्रॉइंग काढलं. मागे वायरींच्या जागा दाखवल्या आणि पंख्यासाठी एक गोल. पॉवर सप्लायचा डबा आत बसतो, त्याचाच पंखा मागून हवा बाहेर टाकतो. बाकी सगळ्या बाजू सपाट. मला दिसल्या तशाच मी काढल्या होत्या. त्याच्या कॅबिनेटला पुढच्या प्लॅस्टिकच्या खाली बारीक फटी होत्या, त्या मी वाकून पाहिल्याच नव्हत्या.

बाबांनी हात धुऊन, पुसून कागद घेतला. बराच वेळ पाहिला. बाजूच्या सपाट पत्र्यावर त्यांचं बोट एकदा थांबलं. मग त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि म्हणाले, "होईल."

मालकांना विचारून त्यांनी उरलेला पत्रा घेतला. सोळा गेजचा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाडीचा. बाजारातल्या कॅबिनेटचा पत्रा हातानं वाकतो, यावर माणूस उभा राहिला असता. काम संपल्यावर थोडं थांबून तीन आठवड्यांत त्यांनी ते पुरं केलं आणि रिक्षातून घरी आणलं. पॅनलला मारतात तोच राखाडी रंग, भट्टीत भाजलेला. कोपरे इतके गुळगुळीत की वेल्डिंग कुठे आहे ते सापडेना. मदरबोर्ड बसवायला पितळी खुंट्या त्यांनी लेथवर स्वतः काढल्या होत्या. बाजूचं झाकण चार स्क्रूंवर बसायचं आणि त्याच्या कडेला रबराची पट्टी लावलेली होती, धूळ आत जाऊ नये म्हणून. मागच्या प्रत्येक भोकालाही रबर. समोरच्या बाजूला त्यांच्या कुणा सहकाऱ्यानं गमतीनं विजेच्या धोक्याची पाटी चिकटवली होती, कवटी आणि दोन हाडं.

"हे आधी काढा," आई म्हणाली, आणि पाटी निघाल्यावर त्या जागी तिनं हळदीकुंकू लावलं.

मित्र आला, त्यानं एक कडी उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "अरे, कॉम्प्युटर आहे की ट्रान्सफॉर्मर?" पण आतल्या खुंट्यांवर बोर्ड ठेवला तेव्हा आठही भोकं बरोबर जुळली. तो वळून बाबांना म्हणाला, "काका, इतकं परफेक्ट मी दुकानातल्यातही नाही बघितलेलं." बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "ड्रॉइंग त्याचं आहे."

मशीन चालू झालं. खेळ चढला. बाबांनी शुक्रवारी, त्यांच्या वर्कशॉपच्या सुट्टीला, दोन सहकाऱ्यांना चहाला बोलावलं. मी ऑफिसातून येईपर्यंत ते वाट पाहत बसले होते. मी शर्यत सुरू केली. ते तिघेही पडद्याकडे कमी आणि कॅबिनेटकडे जास्त पाहत होते. वीसेक मिनिटं झाली आणि गाडी वळणावर जागच्या जागी गोठली. कळ दाबून काही होईना.

"ब्रेक लागला," एक काका म्हणाले आणि सगळे हसले.

पण तो ब्रेक रोज लागू लागला. वीस मिनिटं, कधी पंचवीस. सहा महिन्यांची बचत त्यात होती, आणि चूक माझ्या स्वस्त भागांचीच असणार असं मी धरून चाललो. वापरलेला प्रोसेसर घ्यायला नको होता. मित्रानं त्याची रॅम लावून पाहिली, पॉवर सप्लाय बदलून पाहिला. फरक नाही. शेवटी एका रविवारी त्यानं मशीन गोठल्या गोठल्या चार स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं आणि आत हात घालून लगेच बाहेर काढला.

"भट्टी आहे ही! अरे, पंखा हवा बाहेर फेकतोय, पण आत यायला वाट कुठाय? सगळीकडे रबर!" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू फिजिक्सवाला ना रे?"

झाकण काढून ठेवलं तर शर्यत तासभर चालली. भाग सगळे चांगले होते. नापास झालं होतं ते कॅबिनेट, आणि ते बाबांना कसं सांगायचं हे मला सुचेना. ज्या माणसानं मला शिकवण्यासाठी कितीतरी सणांना ओव्हरटाइम केला, त्यानं आयुष्यात माझ्यासाठी हातानं बनवलेली ही पहिली वस्तू. सहकाऱ्यांना बोलावून दाखवलेली. मी मित्राला म्हटलं, "बाबांसमोर बोलू नकोस."

माझी सुट्टी रविवारी, बाबांची शुक्रवारी. त्यामुळे लपवणं सोपं होतं. रविवारी ते कामावर गेले की मी झाकण काढायचो, पाचच्या आधी चारही स्क्रू आवळून ठेवायचो. संध्याकाळी त्यांच्यासमोर खेळलो तर पंधरा मिनिटांत स्वतःच बंद करायचो. "बास? एवढंच?" ते विचारायचे. "डोळे दुखतात," मी सांगायचो. आई सगळं पाहत होती. एकदा म्हणाली, "खेळण्यासाठी घेतलंस आणि बसतोस चोरासारखा."

असं दीड-दोन महिने चाललं. एका संध्याकाळी मी बाहेरून आलो तर बाबा कॅबिनेटपुढे उकिडवे बसले होते. चष्मा लावून ते स्क्रू बघत होते.

"किती वेळा उघडलंस?"

मी दारातच चपला काढत राहिलो.

"खाचेतला रंग गेलाय. चारही स्क्रूंचा. एकदा-दोनदा उघडून एवढा जात नाही." त्यांनी झाकणावर तळवा ठेवला, चालू पॅनलवर ठेवतात तसा. "तापतं ना?"

"हो."

"मला वाटलंच होतं."

मी चमकलो. "मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या ड्रॉइंगमध्ये भोकं नव्हती. म्हटलं, कॉम्प्युटरला लागत नसतील. आपल्याला त्यातलं काय कळतं."

"बाबा, मला वाटलं, तुम्ही इतकी वर्षं पॅनल करताय. लागली असती तर तुम्हीच पाडली असती."

स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आईचा हात थांबला. "म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं," ती म्हणाली, "आणि दोघंही गप्प. शहाणेच आहात!"

बाबा हसले नाहीत. मला त्यांचं बोट आठवलं, आलेखाच्या कागदावर थांबलेलं. साहेबांची ड्रॉइंगं बेधडक परत पाठवणारा माणूस माझ्या ड्रॉइंगपुढे गप्प बसला होता. खिशात लाल पेन्सिल असताना. माझ्या पदवीनं घरात बरंच काही आणलं होतं, पण त्यांचा हा एक हक्क मी नकळत काढून घेतला होता, आणि त्याला मान समजत होतो.

मी म्हटलं, "चूक ड्रॉइंगची आहे. भोकं कुठे पाडायची ते मला खरंच माहीत नाही. तुम्ही सांगा."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग खिशात हात घालून पेन्सिल काढली आणि झाकणावर खाली एक लांबट चौकोन काढला, वरच्या कडेला दुसरा. "गार हवा खालून घ्यायची. गरम हवा आपोआप वर जाते, तिला वरनं सोडायचं. मधे पाडून उपयोग नाही." हे सगळं मी परीक्षेत आकृतीसकट लिहून चांगले मार्क मिळवले होते. मी मान डोलावत ऐकलं आणि दोन शंका विचारल्या. एकीचं त्यांनी उत्तर दिलं. दुसरीवर म्हणाले, "ते तुझं तू बघ, ते तुझ्या कार्डाचं आहे."

झाकण वर्कशॉपमध्ये गेलं आणि तिरप्या फटींच्या दोन ओळी घेऊन परत आलं, प्रत्येक फटीच्या आत बारीक जाळी. धुळीवर त्यांचा राग कायम होता. त्या शुक्रवारी मी शर्यत लावली आणि स्क्रू न काढता, डोळे न दुखता, जेवायला हाक येईपर्यंत खेळलो. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. मधूनमधून वरच्या फटींवर हात धरून ते निघणारी हवा बघायचे.

काही दिवसांनी मी कॉम्प्युटरसाठी लोखंडी टेबलाचं ड्रॉइंग काढलं आणि त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवून ऑफिसला गेलो. संध्याकाळी कागद माझ्या खुर्चीवर होता. की-बोर्डच्या फळीखाली मोठा लाल गोल, आणि बाजूला बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, "गुडघे कुठे ठेवणार?"

मी खोडरबर शोधायला उठलो.