व्याहीबुवांचे ओले घोडे

पेशव्यांच्या पागेतल्या घोड्यांची राहिली नसेल एवढी बडदास्त आमच्या व्याह्यांनी आपल्या बोटभर उंचीच्या मातीच्या घोड्यांची ठेवली. दिवसा ते कारकुनी करत आणि उरलेला वेळ बुधवार पेठेतल्या घरी एक अख्खी सवारी रंगवत बसत. अंगरख्याचा बंद मनासारखा साधला नाही म्हणून एका भालदाराला त्यांनी महिनाभर उघडाच ठेवला होता.

पण घरच्यांची खरी परीक्षा रोगणाच्या दिवशी. चंद्रसाची राळ जवसाच्या तेलात कढवून व्याही रंगावर चकाकीचा हात द्यायला कुंचला घेऊन बसले, की केर काढायचा नाही, फोडणी द्यायची नाही, शिंक आलीच तर परसात जायचे. सगळे घर दहीभातावर. एकदा रस्त्याने कोणी शिलेदार दौडत निघाला, तर धूळ आत येईल म्हणून हे कुंचल्यासकट त्याला आडवे गेले. "अहो, घोडा जरा हळू न्या. आमचे अजून ओले आहेत." शिलेदाराने काय अर्थ लावला कोण जाणे, पण बिचारा उतरून लगाम धरून चालत गेला.

ही सवारी चैत्रगौरीच्या आराशीत मांडत. एका वर्षी मी त्या सुमारास मुलीला भेटायला गेलो. तिचा नवरा, व्याह्यांचा एकुलता मुलगा, फौजेबरोबर उत्तरेत गेला होता आणि कित्येक महिने त्याची खुशाली नव्हती. सवारी चकाकत होती. एक स्वार तेवढा कोरडा. चेहरा हुबेहूब जावयांचा. हा राहिला वाटते, असे मी म्हटले.

"रोगण चढले की मग बदल करता येत नाही," व्याही म्हणाले. "येईल तेव्हा कसा दिसत असेल, कोणास ठाऊक."

मुलगी कैरीची डाळ वाढत होती. तिने माझ्या द्रोणात पुन्हा डाळ घातली.

पावसाळा सरता सरता जावई आले. गालावर वार, ऐन तारुण्यात कानशिलाशी पिकलेले केस. विहीणबाईंचे ओवाळून होते न होते तोच व्याह्यांनी त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवले. मातीच्या स्वाराच्या गालावर वार काढला, केस पांढरे केले, रंग वाळू दिला आणि रोगणाची वाटी उचलली. पण स्वारापेक्षा रोगण धोतरावरच अधिक सांडले.

"आबा, मी लावू का?" जावयांनी विचारले.

व्याह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुंचला दुसऱ्याच्या हाती दिला.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. चैत्र लागला की जावईच रोगण कढवतात. लावतात जरा जाडच. पण आम्ही कोणी तसे म्हणत नाही.