कंपनीच्या इतिहासातली माझी सही

कंपनी सरकारला विकली गेली आणि मग तिला स्वतःचा इतिहास लिहायची हुक्की आली. मोठ्या शहरातली ती विजेवरची खासगी रेल्वे. तिचे खांब उभे राहिल्यापासून मी तिच्या तारांवर चढायचो. आता सोलापुरात मोटारी रिवाइंड करतो. उजनीकाठचे पंप जळाले की माझं पोट भरतं. कंपनीची एक मुलगी आठवणी गोळा करायला दुकानात आली, फोनवर रेकॉर्डिंग लावून तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सर, सुरुवातीचे दिवस सांगा." मला सर म्हणणारी ती पहिलीच.

शेजारी एक बाई कॉइल भरत बसली होती. माझ्या जोडीदाराची बायको. तो इकडच्याच वैराग गावचा, माझ्याबरोबरच कंपनीत लागला आणि पहिली गाडी धावायच्या आधीच तारेवर जळून मेला. मी गावी परतलो तेव्हापासून ती माझ्याकडे कामाला आहे. मला भाऊ म्हणते.

आमच्या कामात एक नियम होता. तारेवर चढणाऱ्याने खालचा स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात घालून वर जायचं. तो उतरेपर्यंत त्या कुलपाला मालकानेही हात लावायचा नाही. त्या दिवशी पाहुण्यांना चाचणीची गाडी दाखवायची घाई होती. साहेबाने कटरने जोडीदाराचं कुलूप तोडलं. मी खालून ओरडत धावलो, तोवर करंट सोडलेला. तो वर पेटला. खाली पडला तेव्हा शर्ट कुठला आणि कातडी कुठली, कळत नव्हतं. मी तोच कटर उचलला आणि साहेबाच्या तोंडावर घातला. दोनदा. दात सांडले, जबडा लोंबला, तरी मी थांबत नव्हतो. चौघांनी ओढून काढलं. बघणारे सगळे कंपनीचेच.

करंट सोडला म्हणून साहेबाला मी फोडलं, एवढंच बाईला ठाऊक होतं आणि त्यापायीच ती मला मान द्यायची. मुलीने कंपनीचा मजकूर वाचून दाखवला. कामगाराने कुलूप न लावल्यामुळे एक दुर्दैवी अपघात झाला, असं त्यात होतं.

बाई मान खाली घालून म्हणाली, "व्हय, त्येंचं ध्यान नसायचंच. सासू आजून त्यावरनं बोलती मला."

मला स्वतःची शिसारी आली. "लावलं हुतं त्यानं!" मी ओरडलो. "सायबानं तोडलं. माज्यावरची पोलीस केस मागं घेतो म्हणाले कंपनीवाले, म्हणून कुलूप नव्हतं असं मी लिहून दिलं. सही माजी हाय."

बाई उठली. "इतकी वर्सं हितं बसून माज्या तोंडाकडं बगत हुता व्हय, भाऊ?"

तिने लाकडी हातोडी उचलली आणि टेबलावरच्या माझ्या उजव्या हातावर हाणली. बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. हात काढून घेता आला असता, घेतला नाही. दुसरा घाव मनगटावर बसला. मुलगी किंचाळत दाराकडे पळाली. बाईने हातोडी फेकली, टेबलावरचा फोन उचलला आणि मुलीपुढे धरला.

"पळता कुटं? आता लिवा. माज्या नवऱ्याची काय बी चूक न्हवती म्हणून लिवा."